बोलून भरलेल्या खोल्या

१

माणसांना तोंड उघडायची भीती वाटते, एवढं एकच ज्ञान गाठीशी बांधून मी घरं विकायच्या धंद्यात शिरले. त्याआधी कित्येक वर्षं मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होते. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, आणि माझं वय असं अडनिडं की कुठे नोकरीची चौकशी केली की लोक विचारायचे, "मुलीसाठी का?" मुलगी तेव्हा आठवीत होती.

शेवटी चावीकाकांनी ठेवून घेतलं. ते इस्टेट एजंट. नाव काही तरी भारदस्त होतं, पण कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की आधी आवाज यायचा आणि मागून काका यायचे. ऑफिस म्हणजे काचेचं दार, एक टेबल आणि भिंतभर खिळे. प्रत्येक खिळ्याला एक रिकामं घर लटकलेलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला धंदा शिकवला. गिऱ्हाईक यायच्या आधी पोचायचं. खिडक्या उघडायच्या, नळ सोडून गंजाचं पाणी वाहून जाऊ द्यायचं, दिवे लावायचे आणि बाहेर येऊन उभं राहायचं. आत शिरताना गिऱ्हाईक पुढे, आपण मागे.

"आणि एक लक्षात ठेवा, ताई. रिकामी खोली कधी दाखवायची नाही."

"अहो काका, सगळ्या रिकाम्याच तर आहेत."

"म्हणून तर तुम्हाला ठेवलंय. माणसं बसवायची आत. तोंडाने. इथे कोण बसेल, तिथे कोण झोपेल, कोण कोणावर ओरडेल. भिंती कोणी विकत घेत नाही हो."

मला ते काही केल्या जमेना. मी आपली 'हा हॉल, हे किचन, हे बाथरूम' असं म्हणत फिरायची, जणू लोकांना बाथरूम ओळखू येत नाही. गिऱ्हाइकं माना डोलवून निघून जायची. त्यात काकांनी माझ्या गळ्यात बांधला कोपऱ्यावरचा फ्लॅट. वर्षानुवर्षं कोणी न घेतलेला. त्यात वाईट काही नव्हतं, चांगलंही काही नव्हतं. बाल्कनी, हॉल, स्वयंपाकघर, एक मोठी खोली, एक लहान. आत गेलं की आपलाच आवाज थोडा उशिरा ऐकू यायचा, एवढंच.

२

एक निवृत्त बाई फ्लॅट बघायला आल्या होत्या. कपाळावर आठ्या, हातात पर्स घट्ट धरलेली. बाल्कनीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इथे काय करायचं माणसाने?"

समोर सकाळचं ऊन पडलं होतं, आणि मला एकदम आमचे नाना आठवले. माझे सासरे.

"इथे आजोबा खुर्ची टाकून पेपर वाचतील," मी म्हणाले. "मनातल्या मनात नाही, मोठ्याने. घरातल्यांना ऐकायचं असो वा नसो. हवामानाचा अंदाज वाचून त्याच्याशी भांडतील. गुडघ्याला बाम चोळत चोळत."

बाईंच्या आठ्या गेल्या. "पण आमच्याकडे आजोबा नाहीत," त्या हसून म्हणाल्या.

"येतील," मी म्हणाले. असं का म्हणाले कोण जाणे. बाईंनी फ्लॅट घेतला नाही, पण त्या बाल्कनीत बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि निघताना दार हळूच ओढून घेतलं. कोणाची झोप मोडू नये म्हणून ओढतात तसं.

संध्याकाळी घरी सांगितलं तर हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. नवरा म्हणाला, "नाना, तुम्ही तर विक्रीला निघालात."

"निघतो की," नाना म्हणाले. "पण सूनबाई, तिथे मला वेळेवर चहा मिळणार आहे का? नाही तर मी आपला इथेच बरा."

मग पुढच्या वेळी सासऱ्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून मी स्वयंपाकघरात नवऱ्यालाही उभं केलं. तो बेसूर शीळ घालत चहा करतो आणि चहा झाला की चमचा पातेल्याच्या काठावर ठण ठण वाजवतो, 'या, गाडी सुटली' अशा थाटात. हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगायला लागले. सांगायला लागले की मलाच ते दिसायचं. माझी जीभ सुटली. काका खूश झाले. "आता कसं घर वाटतंय," ते म्हणाले.

३

एका सकाळी नेहमीसारखी लवकर जाऊन खिडक्या उघडत होते. नळ सोडला, लालसर पाणी जाऊ दिलं. बाल्कनीचं दार ढकललं तर बामचा वास आला.

मी तिथेच थांबले. वास फार नव्हता. कोणी तरी आत्ताच उठून आत गेलं असावं इतपत. शेजारच्या बाल्कनीत कोणी म्हातारं माणूस असेल, मी स्वतःला सांगितलं. शेजारचा फ्लॅटही रिकामा होता. त्याचीही चावी आमच्याच खिळ्याला होती. मग खालच्या मजल्यावरचा असेल. वास वर चढतो. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास असाच पार रस्त्यापर्यंत जायचा. असं म्हणून मी दिवे लावले आणि बाहेर येऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी घरी भाजी निवडत बसले होते आणि कशाची तरी सारखी वाट बघत होते, पण कशाची ते कळेना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं. घर शांत होतं. नाना आपल्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मनातल्या मनात.

"नाना, आज काय मौनव्रत? हवामान खात्याला सोडून दिलंत?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे?"

"वाचून नाही दाखवलंत ते."

"मी कधी वाचून दाखवतो?" नाना म्हणाले. थट्टेने नाही. एखाद्या अनोळखी बाईने रस्त्यात पत्ता विचारावा आणि तो आपल्याला माहीत नसावा, तसे ते बोलले.

मी आतल्या खोलीकडे बघून नवऱ्याला हाक मारली. तो आला, त्याने ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "नाना मोठ्याने वाचतात? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुला हे आत्ता कुठून दिसलं?"

मुलगी दारातून म्हणाली, "आई, ते तू लोकांना सांगतेस ना, फ्लॅटमध्ये. ते खरं नाहीये काही."

मी हसले. हसण्यावारी न्यावं लागलं. पण हातातली भाजी निवडायची तशीच राहिली.

४

धंद्यात असं होतं म्हणतात. माल विकणारा माणूस आधी गिऱ्हाइकाला पटवतो आणि मग स्वतःलाच. मी नानांना इतक्यांदा मोठ्याने वाचायला लावलं की मला ते खरंच वाटायला लागलं असेल. या विचारावर मी बरेच दिवस काढले. विचार चांगला होता, त्याला कुठेही भोक नव्हतं. फक्त मला नानांचा आवाज पाठ होता. 'तुरळक सरी' म्हणताना ते 'तुरळक' शब्दावर कसे थुंकल्यासारखे थांबायचे, तेही पाठ होतं. न ऐकलेलं असं पाठ कसं होईल?

मग नवरा चहा करेनासा झाला. "मला कुठे येतो?" म्हणाला. शीळ विचारलीच नाही मी. विचारायची हिंमत झाली नाही.

तो चांगलाच वागत होता, हे सांगायला हवं. दोघंही चांगलेच वागत होते. वेळेवर जेवायचे, ताटं उचलून ठेवायचे, मला 'दमलीस का' विचारायचे. भांडण नाही, कुरकुर नाही. आमचं घर पाहुण्यांसाठी आवरून ठेवल्यासारखं दिसायला लागलं, आणि पाहुणी मीच.

कोपऱ्यावरच्या फ्लॅटमध्ये मात्र मला बरं वाटायचं. हे सांगताना लाज वाटते, पण वाटायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं तरी मी चावी घेऊन जायची. हॉलच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसायची. ऊन फरशीवरून हळूहळू सरकायचं, डोळे जड व्हायचे. अर्धवट झोपेत पेपरच्या पानाचा आवाज यायचा. एकदा डोळे किलकिले केले तर समोरच्या भिंतीवर एका मोठ्या पानाची सावली उलटत होती. हलायला तिथे पडदासुद्धा नव्हता. मला भीती वाटायला हवी होती. मी कूस बदलली.

स्वयंपाकघरातून ठण ठण झालं तेव्हा मात्र मी उठले. आत कोणी नव्हतं. ओट्यावर धूळ तशीच होती आणि नळ ठिबकत होता. नळच असेल. पण ठिबकणारा नळ कोणाची वाट बघत नाही. तो आवाज मात्र मी यायची वाट बघत थांबला होता.

त्या दिवशी जिना उतरताना मी मनाशी पक्कं केलं: खारूचं नाव या घरात काढायचं नाही.

खारू म्हणजे माझी मुलगी. लहानपणापासून पेन्सिली कुरतडते, म्हणून खारूताईची खारू झाली. आता पेनांची टोपणं कुरतडते. खिडकीत पाय वर घेऊन बसते, आणि हाक मारली की आतून "आले!" म्हणते. येत मात्र नाही. परत हाक मारली की "आले म्हटलं ना!" तरीही येत नाही. ताट गार होतं, मी चिडते, मग तीच येऊन म्हणते, "किती ओरडतेस गं." आमच्या घरात एवढंच उरलं होतं जे अजून माझ्याशी कटकट करत होतं. त्याला मी जपायचं ठरवलं. मोठी खोली, हॉल, बाल्कनी सगळं दाखवायची. लहान खोलीपाशी आले की 'सामानाची खोली' म्हणून पुढे सरकायची.

५

ते जोडपं दुपारी आलं. काका स्वतः त्यांना घेऊन आले होते, म्हणजे गिऱ्हाईक पक्कं. नवरा मितभाषी, मोजपट्टी घेऊन आलेला. बाई गरोदर होती, बरेच महिने भरलेले. जिना चढून आल्यामुळे ती दारातच भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि मग हसत म्हणाली, "वास छान येतोय. चहा केलाय का कोणी?"

काकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मान खाली घातली.

सगळं घर त्यांना आवडलं. बाल्कनी आवडली, स्वयंपाकघर आवडलं. मग बाई लहान खोलीच्या दारात थांबली.

"आणि ही?"

"सामानाची," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं होतं, बाळासाठी होईल. पण अंधारी आहे ना थोडी?" ती नवऱ्याकडे वळली. "दुसरं बघू या का? इथे मूल असेल असं वाटतच नाही."

काकांच्या चाव्या एकदा वाजल्या. माझं पहिलं विकलं जाणारं घर दारापर्यंत येऊन परत चाललं होतं. आणि ती बाई त्या रिकाम्या खोलीकडे अशी बघत होती की मला राहवेना. आता वाटतं, मी तिच्यासाठी बोलले. खरं म्हणजे जिभेला सवय लागली होती. खोली रिकामी दिसली की ती आपोआप सुटायची.

"असं कसं," मी म्हणाले. "त्या खिडकीत बसेल ना ती. पाय वर घेऊन. टोपण चावत. तुम्ही हाक मारलीत की आतून 'आले!' म्हणेल, आणि यायची नाही."

बाई खळखळून हसली. "मुलगीच असणार म्हणता?"

"मुलगीच," माझ्या तोंडून गेलं.

तिने पोटावर हात ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, ओळखीचं कोणी दिसल्यासारखं पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "हेच घेऊ या."

मी काकांची परवानगीसुद्धा न घेता जिना उतरले आणि घराकडे धावत सुटले.

६

घराचं दार उघडलं. चपला काढल्या नाहीत. मी हाक मारली, "खारू!"

ती लगेच आली.

समोर येऊन उभी राहिली, हात सरळ. "काय पाहिजे, आई?"

"काही नाही," मी म्हणाले. "काय करत होतीस?"

"अभ्यास. टेबलावर." तिच्या हातात पेन होतं. टोपण नवंकोरं, एक दात लागलेला नाही. मी तिला पोटाशी धरलं. तिने धरू दिलं. मी सोडेपर्यंत ती शांत उभी राहिली आणि मग विचारलं, "जाऊ?"

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच मी फ्लॅटवर गेले आणि सरळ बाल्कनीत जाऊन उभी राहिले. दारापासूनच कुजबुजल्यासारखं वाचन ऐकू येत होतं. माझा विचार साधा होता. जे बोलून बसवलं ते बोलून उठवायचं. लहान खोलीत प्रयोग करायचं धाडस नव्हतं, म्हणून नानांपासून सुरुवात केली. मी म्हणाले, "इथे कोणी नाही. ही बाल्कनी रिकामी आहे."

वाचन अर्ध्या वाक्यात तुटलं. बामचा वास गेला. मी घरी फोन लावला, नानांना द्यायला सांगितलं. "नाना, पेपर वाचा ना थोडा मोठ्याने." मग नाना सौम्यपणे म्हणाले, "कोणाला?" ते परत गेले नव्हते. मी त्यांना इथूनही पुसलं होतं. बाल्कनीत बसून मी रडले. नंतर कितीही वर्णनं केली तरी खुर्ची रिकामीच राहिली, कारण आता ऐकणारं गिऱ्हाईक नव्हतं आणि माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

मग मी व्यवहार मोडायच्या मागे लागले. त्या बाईला फोन करून सांगितलं की लहान खोलीला ओल आहे.

"अहो ताई, तीच तर मला सगळ्यात आवडली," ती म्हणाली. "काल स्वप्नातसुद्धा तीच आली. खोली नव्हे, ती."

काकांना सांगितलं. कसं सांगावं कळेना, म्हणून सगळंच सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते खिळ्यांवरच्या चाव्या सारख्या करत उभे राहिले.

"पहिल्या घरात जीव अडकतो, ताई. मग सवय होते."

"काका, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"माझ्या?" त्यांना विचार करावा लागला. "आता कोणी नसतं. पण सगळी चांगल्या घरांत पडली हो. मोठी तर बागेसमोर आहे." ते प्रेमाने म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या फ्लॅटची चावी काढून माझ्या हातात ठेवली. "उद्या ताबा द्यायचाय. तुम्ही पुढे होऊन खिडक्या उघडा."

७

मी पुढे झाले. नोकरी म्हणून नाही, तिला घेऊन यायला. बोलून उठवता येत नसेल तर हाताला धरून नेता येईल, एवढंच डोक्यात होतं. आईने मुलीला दुसऱ्याच्या घरातून बोलावून आणावं, यात अवघड ते काय?

ऊन नेहमीसारखं फरशीवर पडलं होतं. खिडक्या उघडल्या, नळ सोडला. आता पाणी अगदी स्वच्छ येत होतं. स्वयंपाकघरात हलकी शीळ चालू होती, बेसूर. मी तिकडे पाहिलं नाही. एका वेळी एक.

हॉलच्या मध्ये उभी राहून मी हाक मारली. "खारू!"

"आले!"

तोच आवाज, तोंडात टोपण असल्यासारखा. मी वाट बघितली. कोणी आलं नाही. ऊन थोडं सरकलं.

"खारू, ऐकलंस का?"

"आले म्हटलं ना!"

मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. किती दिवसांनी कोणी माझ्यावर वैतागलं होतं. मी लहान खोलीच्या दारापर्यंत गेले. खिडकीतून एवढा उजेड येत होता की काही नीट दिसत नव्हतं. फक्त चौकटीवर ठेवलेली दोन पावलं दिसली. बोटं हलत होती, तिची विचार करताना हलतात तशी. त्याच्या वर नुसतं ऊन होतं.

"चल," मी म्हणाले. "घरी जाऊ या."

"कुठे?"

"घरी. आपल्या."

पावलं चौकटीवरून खाली उतरली. जमिनीवर टेकली. खारू खरंच यायला निघाली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी गिऱ्हाइकांना पावलं सांगितली होती, टोपण सांगितलं होतं, आवाज सांगितला होता. चेहऱ्याबद्दल मी कोणाला कधी काही बोललेच नव्हते.

मी डोळे गच्च मिटून घेतले. घाईघाईने बोलायला लागले. "गालावर तीळ आहे. इथे. उजव्या." की डाव्या? घरी जी मुलगी होती, तिच्या गालावर तो होता; पण गेले काही दिवस मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, पाहवत नव्हतं. "भुवया जाड आहेत. माझ्यासारख्या. नाही, तिच्या बाबांसारख्या." मी बोलत होते आणि समोर काही जमत नव्हतं, हे मला डोळे मिटूनही कळत होतं.

मग माझ्या हातात एक हात आला. गरम, थोडा घामेजलेला. कुरतडलेली नखं माझ्या तळव्याला लागली. चेहरा नसेना का, मी म्हटलं. हात आहे. हात धरून घरी न्यायचं, तिथे चेहरा आहेच. दोन्ही एकत्र आले की झालं. मी तशीच, डोळे मिटून, भिंतीचा अंदाज घेत निघाले. ती माझ्याबरोबर चालत होती. हॉलची फरशी पायाखाली ऊबदार लागली. चहाचा वास मागे पडला.

"आई, किती घट्ट धरतेस गं," खारू म्हणाली.

"धरणारच," मी म्हणाले. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

दाराशी आलो तेव्हा जिन्यात चाव्या वाजल्या. मागोमाग जड, सावकाश पावलं, एकेक पायरी थांबत चढणारी. मी कडी चाचपडत होते. कडी सापडेना. दाराच्या पलीकडे कोणी तरी दम खात उभं राहिलं. मग त्या बाईचा आवाज आला. लाडाचा, थोडा लाजलेला, स्वतःच्या घराच्या दारात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसाचा.

"आहे का गं कोणी घरात?"

माझ्या हातातला हात सुटला.

"आले!" खारू म्हणाली, आणि लगेच गेली.